उष्णा राईस मिलचे पाइप पुन्हा पुन्हा चोक होतात: आधी घाण ओळखा, मग हत्यार घ्या

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आपला धानाचा पट्टा. इथल्या उष्णा मिलमध्ये मी पाइप, पंप आणि बॉयलरचीच कामं करतो. सीझन लागला की एकच फोन वारंवार येतो: “पाइप परवाच साफ केला होता, पुन्हा जाम झाला.” अरवा मिलवाल्यांना हा त्रास फारसा नसतो, कारण त्यांच्याकडे पाण्या-वाफेचं काम नाही. उष्ण्यात धान गरम पाण्यात भिजवायचं, मग वाफ द्यायची, मग वाळवायचं. पाणी तापलं की क्षार बसतो, धान भिजलं की पेज सुटते, तूस जळलं की राख उडते. घाण तीन प्रकारची, ती बसते तीन वेगळ्या जागी, आणि बहुतेक मिलमध्ये तिन्हींवर चालवलं जातं एकच हत्यार: लांब लोखंडी सळई. पाइप पुन्हा चोक होण्याचं मुख्य कारण हेच आहे.

लक्षणं

तुमच्या मिलमध्ये खालीलपैकी काय होतंय ते आधी पाहा.

- भिजवण्याचा हौद गरम पाण्याने भरायला दर आठवड्याला थोडा जास्त वेळ लागतो. एकदम नाही, हळूहळू.
- पंपावरचा प्रेशर गेज नेहमीपेक्षा वर, पण स्टार्टरवरचा अँपिअर मीटर नेहमीपेक्षा खाली.
- बॉयलरचा फीड पंप जास्त वेळ चालतो, तरी काचेतली पाण्याची पातळी सावकाश चढते.
- तूस तेवढंच जळतं, वाफ मात्र कमी. चिमणीचं तापमान वाढत चाललंय.
- हौदातलं पाणी सोडलं की नालीतून मागे फिरतं, चेंबर भरून येतो, आंबूस वास सुटतो.
- साफ केल्यावर चार-आठ दिवस ठीक, मग पुन्हा तेच.

शेवटचं लक्षण असेल तर पाइप साफ झालेलाच नाही, त्यात फक्त भोक पडलंय. सळई घाणीच्या मधून आरपार जाते, पाणी धो धो येतं आणि काम झालं असं वाटतं. पण भिंतीवरचा थर तसाच राहतो, शिवाय सळईने खरवडून तो खडबडीत झालेला असतो. त्या खडबडीत जागी नवा क्षार आणि तूस लवकर अडकतं.

थर किती महाग पडतो त्याचा हिशेब असा. ५३ मिलिमीटर आतला व्यास असलेल्या पाइपात चारही बाजूंनी ५ मिलिमीटरचा थर बसला, तर मोकळा व्यास राहतो ४३. पाणी जायची जागा एक तृतीयांशाने घटते आणि तेवढ्याच दाबावर पाणी साधारण चाळीस टक्क्यांनी कमी येतं. थर खडबडीत असेल तर त्याहूनही कमी.

आता तपासण्या. सर्वांत सोप्या आणि फुकटच्या आधी. हा क्रम मोडू नका, कारण पुढच्या पायरीचा खर्च बहुतेक वेळा आधीच्या पायरीवरच वाचतो.

१. व्हॉल्व्ह, स्ट्रेनर, फूट व्हॉल्व्ह

पंप बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. वाफेची लाइन असेल तर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून गेज शून्यावर येऊ द्या आणि पाइप हाताला थंड लागेपर्यंत थांबा. गेज शून्य दिसला तरी ड्रेन कॉक उघडून खात्री करायची, कारण गेज स्वतःच चोक असू शकतो. एवढं झाल्यावरच पान्ह्याला हात लावा.

वाय स्ट्रेनर (लाइनीतली कचरा अडवणारी जाळी) उघडून जाळी धुवा. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो का ते पाहा. जुन्या गेट व्हॉल्व्हमध्ये आतला दरवाजा दांड्यावरून सुटून खाली पडतो. चाक छान फिरतं, लाइन मात्र बंदच असते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप अडकलेली असते. विहिरीतला किंवा टाक्यातला फूट व्हॉल्व्ह, म्हणजे सक्शन पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, शेवाळाने भरलेला असतो. माजी मालगुजारी तलावातून पाणी घेणाऱ्या मिलमध्ये पावसाळा संपता संपता हे हमखास होतं.

ही तपासणी आधी करायचं कारण: इथे दोष निघाला तर कुठलंही सफाईचं हत्यार लागत नाही. दुसरं, स्ट्रेनरच्या जाळीत जे अडकलंय तो तुमच्या घाणीचा पहिला नमुना आहे. तो फेकू नका, डब्यात ठेवा. पुढे कामाला येईल.

२. पंप काय सांगतो ते वाचा

सेंट्रिफ्युगल पंपाच्या पुढची लाइन चोक झाली की दाब चढतो आणि अँपिअर उतरतात. पंपाच्या मागची, म्हणजे सक्शनची बाजू चोक झाली की दाबही उतरतो, अँपिअरही उतरतात, काटा थरथरतो आणि पंपातून खडखड आवाज येतो. एवढ्यावरून कोणत्या बाजूचा पाइप उघडायचा ते ठरतं. सक्शनला दोष असताना डिलिव्हरीचे, म्हणजे पुढच्या लाइनीचे, सगळे फ्लँज (बोल्टांनी जोडलेले सांधे) उघडून ठेवलेले मी अनेक मिलमध्ये पाहिलेत. त्यात अख्खा दिवस जातो आणि गॅस्केट नव्याने घालावे लागतात.

दाब आणि अँपिअर दोन्ही उतरलेत, पण आवाज नाही आणि काटा स्थिर आहे? मग पंपाचं इम्पेलर झिजलेलं असेल. पाइप साफ करून काही होणार नाही.

३. बादली आणि घड्याळ

२० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. मोठ्या लाइनीला हौद एक वीत भरायला किती मिनिटं लागतात ते. हा आकडा पंपाजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पाइप खरोखर स्वच्छ असतानाचा आकडा शेजारी असेल तर सफाई कधी करायची आणि केलेली सफाई पूर्ण झाली का, दोन्ही कळतं. सफाईवाला ठेकेदार काम झालं म्हणतो तेव्हा त्याच्यासमोर बादली लावा. “पाणी येतंय ना” एवढ्यावर बिल देऊ नका.

४. चोक नेमका कुठे

लाकडी मुठीच्या हलक्या हातोडीने पाइपावर ठोकत जा. मोकळा पाइप खणखणतो, भरलेल्या जागी आवाज बद्द येतो. हे फक्त दाब नसलेल्या, थंड लाइनीवर करायचं. गरम पाण्याच्या लाइनीवर लेझरचा तापमापक फिरवला तर ज्या फाट्यातून पाणी जात नाही तो फाटा थंड सापडतो.

शोध कुठून सुरू करायचा? एल्बो (वाकण), रेड्यूसर (मोठ्या पाइपाला लहान पाइप जोडणारा तुकडा) आणि थंड पाण्याला वाफ मिळते ती जागा. या तिसऱ्या जागेकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की बाहेर पडतो आणि जवळच्या भिंतीला धरतो. त्यामुळे वाफ मिसळण्याच्या आधीचा पाइप वर्षानुवर्षं स्वच्छ राहतो आणि त्याच्या पुढचा काही फुटांचा तुकडा भरतो. अख्खी लाइन साफ करण्याचा खर्च करण्याआधी हा तुकडा फ्लँजवर घेतलात, म्हणजे सहज खोलून बाहेर काढता येईल असा केलात, तर अर्धा प्रश्न सुटतो. नवी मिल उभारणाऱ्याला मी हे आवर्जून सांगतो: वेल्डिंग स्वस्त पडतं म्हणून तिथे सलग पाइप जोडू नका.

५. घाण हातात घ्या

सगळ्या पोस्टमधली सर्वांत महत्त्वाची पायरी ही. पाइप किती इंची आहे हे विचारून दुकानदार ब्रश देतो. घाण कसली आहे हे कोणी विचारत नाही. एक फ्लँज उघडा, छन्नीने सुपारीएवढा तुकडा काढा, वाळवा आणि पाहा.

पांढरा किंवा मळकट पिवळा, कडक तुकडा असेल तर प्लास्टिकच्या झाकणात ठेवून त्यावर संडास साफ करायच्या आम्लाचे दोन थेंब टाका. हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर. फेस आला तर तो कार्बोनेटचा क्षार. हा आम्लाने विरघळतो. फेस आला नाही आणि तुकडा काचेसारखा कडक, नखाने ओरखडा न उमटणारा असेल तर सल्फेट किंवा सिलिका. यावर साधं आम्ल चालत नाही.

तांबडा भुगा म्हणजे गंज. काळा असून चुंबकाला चिकटला तरी लोखंडच. गंज खूप निघत असेल तर प्रश्न घाणीचा नाही, पाइप आतून खाल्ला जातोय.

बुळबुळीत, आंबूस वासाचा गोळा वाळवून पेटवला आणि करपलेल्या भाताचा वास आला तर ती पेज, कोंडा आणि त्यावर वाढलेला चिकटा. त्यात तुसाचे कण दिसतीलच. उन्हाळी धानाच्या वेळी मे-जूनमध्ये हा चिकटा फार लवकर वाढतो.

बारीक, चिकणा, पाण्यात कालवल्यावर खाली बसणारा गाळ म्हणजे नाल्याची किंवा तलावाची माती.

एकाच तुकड्यात दोन थर सापडतात तेही पाहा. वर चिकटा आणि खाली क्षार असेल तर आधी चिकटा काढावा लागतो. नाहीतर आम्ल वरच्यावर वाया जातं, क्षारापर्यंत पोचतच नाही.

६. माप आतून घ्या

“दोन इंची पाइप” हे माप नव्हे. आयएस १२३९ या भारतीय मानकाच्या ५० मिलिमीटरच्या लोखंडी पाइपाचा बाहेरचा व्यास साधारण ६०.३ मिलिमीटर असतो. पण पिवळा पट्टा असलेल्या हलक्या पाइपाची जाडी २.९, निळ्या पट्ट्याच्या मध्यमची ३.६ आणि लाल पट्ट्याच्या जाडची ४.५ मिलिमीटर. म्हणजे आतला व्यास अनुक्रमे ५४.५, ५३.१ आणि ५१.३. तिघांना एकच ब्रश नीट बसणार नाही. व्हर्नियर कॅलिपरने उघड्या तोंडाशी, थर नसलेल्या जागी माप घ्या. ब्रश आतल्या व्यासापेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठा हवा, म्हणजे केस भिंतीवर दाबून घासतात. स्क्रेपर किंवा कटर मात्र आतल्या व्यासापेक्षा लहानच हवा. मोठा घातला की तो जोडावर अडकतो आणि मग पाइप कापून काढावा लागतो.

पाइप कशाचा आहे तेही लिहून घ्या: काळा लोखंडी, जस्ताचा, स्टेनलेस, एचडीपीई की पीव्हीसी. लांबी किती, वाकणं किती आणि मध्ये कोणते व्हॉल्व्ह, हेही.

७. आता हत्यार

*पेज, कोंडा आणि तुसाच्या नाल्या.* हौदाखालची लाइन आणि सांडपाण्याची नाली यात येते. इथे सळई आणि बांबूची कामटी पूर्ण निरुपयोगी. गोळा ढकलला जातो आणि पुढच्या एल्बोत जाऊन घट्ट बसतो. नळवाले वापरतात ते फिरणारं स्प्रिंग मशीन गोळा फोडायला बरं, पण भिंतीवरचा चिकटा ते काढत नाही. इथलं खरं हत्यार पाण्याचा जेट. नोझल असं घ्या की ज्याची भोकं मागच्या बाजूला वळलेली असतात. मागे फेकलेल्या पाण्याने होज स्वतः पुढे सरकतो आणि सुटलेली घाण मागे, उघड्या चेंबरकडे वाहत येते. काम नेहमी खालच्या चेंबरपासून वरच्या दिशेने करायचं, म्हणजे सुटलेल्या घाणीला उतार मिळतो.

लोक नुसता दाब विचारतात, पाणी किती लिटर ते विचारत नाहीत. गाडी धुण्याच्या पंपात दाब १०० ते १५० बार मिळतो, पण पाणी मिनिटाला जेमतेम आठ-दहा लिटर. दोन-तीन इंची लाइनीला ते पुरतं. चार-सहा इंची नालीत चिकटा सुटतो, पण तूस वाहून न्यायला पाणी नसल्यामुळे सगळा गाळ तिथेच बसतो. मोठ्या नालीला जास्त लिटरचा ट्रॉलीवरचा जेट भाड्याने आणा.

जेट वापरताना: होजवर नोझलच्या मागे एक मीटरवर रंगीत टेप गुंडाळा. मागे ओढताना टेप दिसली की आधी पंप बंद, मग नोझल बाहेर. चालू नोझल हवेत आलं तर होज सापासारखा फटकारे मारतो. आणि हे प्रत्येक कामगाराला तोंडी सांगा: उच्च दाबाच्या पाण्याने हाताला बारीकसं टोचल्यासारखं झालं तरी लगेच दवाखान्यात न्यायचं, आणि “मशीनच्या दाबाचं पाणी आत गेलंय” असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. वरून जखम छोटी दिसते, आत मांस फाटलेलं असतं. हळद लावून घरी पाठवलेला माणूस बोट गमावू शकतो.

*गरम पाण्याच्या लाइनीतला क्षार.* लाइन सरळ, लोखंडी आणि उघडता येण्यासारखी असेल तर लवचिक शाफ्टचं ट्यूब क्लीनर मशीन उत्तम. मोटरला जोडलेला शाफ्ट, त्याच्या टोकाला ब्रश किंवा कटर, आणि शाफ्टच्या आवरणातून वाहणारं पाणी. सुटलेला क्षार त्याच पाण्याने बाहेर येतो. आधी लहान कटर, मग योग्य मापाचा, शेवटी तारेचा ब्रश. एका जागी थांबवू नका, जोर लावून ढकलू नका, कोरडं चालवू नका. हे मशीन एका मिलने घेण्यापेक्षा गावच्या चार-पाच मिलनी मिळून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षातून मोजके दिवस लागणारी वस्तू आहे.

स्टेनलेसच्या पाइपात साध्या लोखंडी तारेचा ब्रश घालू नका. लोखंडाचे कण भिंतीला चिकटतात आणि स्टेनलेसवर गंज सुरू होतो. तिथे स्टेनलेस तारेचा किंवा नायलॉनचा ब्रश. एचडीपीई आणि पीव्हीसीत कुठलीच तार नको, फक्त नायलॉन किंवा जेट, कारण ओरखड्यांत चिकटा मुक्कामाला बसतो.

*लांब कच्च्या पाण्याची लाइन.* तलावापासून किंवा नाल्याकाठच्या विहिरीपासून मिलपर्यंतचा अर्धा-पाऊण किलोमीटरचा पाइप गाळाने भरला तर ना ब्रश पोचतो ना जेटचा होज. तिथे फोम पिग. आतल्या व्यासापेक्षा किंचित मोठा स्पंजचा गोळा, तो पाण्याच्या दाबाने ढकलायचा. पहिल्यांदा सगळ्यात मऊ पिग पाठवा. तो फाटून आला तर मध्ये अडथळा आहे हे समजतं आणि मऊ असल्यामुळे अडकला तरी निघतो. मध्ये बटरफ्लाय व्हॉल्व्ह असेल तर पिग जाणारच नाही, कारण त्याची चकती कायम मध्ये आडवी असते. ग्लोब व्हॉल्व्हमधूनही नाही. पूर्ण बोअरचा बॉल व्हॉल्व्ह किंवा पूर्ण उघडलेला गेट व्हॉल्व्ह चालतो. पिग हवेच्या कंप्रेसरने कधीही ढकलू नका. दाबलेली हवा अडथळा सुटताच एकदम फुगते आणि पिग पाइपाच्या तोंडातून गोळीसारखा सुटतो.

८. रसायन, पण हिशेबाने

वाकणं जास्त आहेत, मशीन जात नाही आणि थेंबाच्या चाचणीत फेस आला, तर इनहिबिटर (आम्लाने पाइपाचं लोखंड खाऊ नये म्हणून घालतात ते रसायन) घातलेलं सल्फॅमिक आम्ल वापरता येतं. पावडर मिळते, त्यामुळे हाताळायला बरी. अंदाज असा: एक किलो चुन्याचा क्षार विरघळवायला साधारण दोन किलो सल्फॅमिक लागतं. पाइपात किती किलो थर आहे ते लांबी, व्यास आणि जाडीवरून काढा. म्हणजे दोन किलोच्या डब्याने वीस किलोचा थर निघेल अशी आशा राहणार नाही. द्रावण ६० अंशांच्या वर तापवू नका. जास्त तापलं की या आम्लापासून सल्फेट तयार होतं आणि नवाच कडक थर बसतो.

एक किलो क्षारातून दोनशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. म्हणून टाकीचं आणि लाइनीचं वरचं तोंड उघडं ठेवा, आणि बंद खोलीत हे काम नकोच. पीएच पट्टीवर आम्ल आहे पण फेस थांबलाय, तर क्षार संपला. फेस थांबला आणि आम्लही संपलंय, तर अजून क्षार शिल्लक आहे. शेवटी धुण्याच्या सोड्याने आम्ल मारून भरपूर पाण्याने धुवा. ते पाणी नाल्यात किंवा शेजारच्या धानाच्या बांधीत सोडू नका.

बाजारातलं मीठ-आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक, स्वस्त मिळतं म्हणून स्टेनलेसमध्ये ओतू नका, बारीक भोकं पडतात. जस्ताच्या पाइपात कुठलंच आम्ल नको. जस्त जातं आणि हायड्रोजन वायू निघतो, जवळ ठिणगी पडली तर भडका. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर विषारी क्लोरीन. चिकट्यासाठी कॉस्टिक सोडा वापरायचा असेल तर थंड पाण्यात थोडा थोडा सोडायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. ॲल्युमिनियमचा एकही भाग लाइनीत नसावा.

९. बॉयलर: ब्रश कुठपर्यंत चालतो

आपल्याकडच्या लहान मिलमधले बरेच बॉयलर स्मोक ट्यूब प्रकारचे. नळीच्या आत धूर, बाहेर पाणी. म्हणजे राख आत बसते आणि क्षार बाहेर. नळीत ब्रश किंवा कटर कितीही फिरवला तरी क्षाराला स्पर्शही होत नाही. क्षार काढायला महागडा ट्यूब कटर घ्यायला निघालेल्या मालकांना मी आधी बॉयलरचा नकाशा दाखवायला सांगतो. वॉटर ट्यूब बॉयलरमध्ये उलटं असतं.

राखेसाठी नळीच्या आतल्या मापाचा ब्रश, जोडता येणाऱ्या दांड्या, आणि बॉयलर पूर्ण थंड. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते. ती श्वासातून आत गेली की फुप्फुसात राहते, म्हणून तोंडाला गमछा पुरत नाही. चांगला धूळरोधक मास्क द्या, आणि तो फायरमनच्या नाकाला बसतो का ते बघा. सफाई कधी करायची ते चिमणीचं तापमान सांगतं. नळ्या साफ असताना तेवढ्याच लोडवर जे तापमान होतं ते लिहून ठेवा. दर २२ अंश वाढीमागे सुमारे एक टक्का इंधन वाया जातं, हा बॉयलरवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. नळ्या घासल्यावरही तापमान उतरलं नाही तर क्षार पाण्याच्या बाजूला आहे.

तिथे तुमचं काम एवढंच: सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातला चुना काढणारी टाकी, तपासणं. हार्डनेस किटमध्ये पाण्याचा रंग सरळ निळा आला तर पाणी मऊ, गुलाबी आला तर सॉफ्टनरमधल्या रेझिनच्या दाण्यांना मिठाचं रिजनरेशन हवंय, म्हणजे मिठाच्या पाण्याने धुवायला हवंत. फीडच्या पाण्याचा हार्डनेस ५ पीपीएमच्या आत आणि बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) साधारण ३५०० पीपीएमच्या आत ठेवा, ब्लोडाउन, म्हणजे बॉयलरमधलं क्षार साचलेलं पाणी, ठरल्या वेळी सोडा. सीझनच्या धावपळीत मिठाचं पोतं आणायचं राहतं आणि महिनाभराचा क्षार आठवड्यात बसतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

*बॉयलरची पाण्याची बाजू.* आम्लाची धुलाई, नळी बदलणं, वेल्डिंग, यातलं काहीही गावच्या फिटरने करायचं नाही, मीही परवान्याच्या माणसाशिवाय करत नाही. १९२३ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता बाष्पके अधिनियम २०२५ आहे. दुरुस्ती आणि तपासणी बाष्पके संचालनालयाच्या नियमांनीच होते. नळीला फुगवटा, गळती किंवा तडा दिसला तर जाळ बंद आणि सरळ निरीक्षकांना कळवा.

*सांडपाण्याचा खड्डा आणि बंद चेंबर.* आत माणूस उतरवू नका. पाच मिनिटांसाठीही नाही, दोरी बांधूनही नाही. आंबलेल्या पेजेतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून उतरलेला माणूस परत येत नाही, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही येत नाही. सेप्टिक टाक्या आणि गटारं माणसाकडून धोकादायक पद्धतीने साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मिलच्या खड्ड्यातला वायू काही वेगळा नसतो. वरून पंप, वरून जेट, नाहीतर सक्शन टँकर.

*फेस न येणारा कडक थर.* सिलिकेला जे आम्ल लागतं ते अंगावर पडलं तर हाडापर्यंत जातं. ते मिलमध्ये आणूच नका.

*पातळ झालेला पाइप.* ठोकताना चेपला, बोटाने गंजाचे पापुद्रे निघाले, किंवा सफाईनंतर दोन-तीन जागी पाझर सुटला, तर तो पाइप थरामुळेच उभा होता. वाफेच्या लाइनीवर असा पाइप ठेवायचाच नाही. जाडी मोजणारा माणूस बोलवा किंवा बदलून टाका.

*आत अडकलेलं हत्यार.* ओढाताण केली की शाफ्ट तुटतो. दुसऱ्या बाजूने दाब दिला तर ते सुटून अंगावर येतं.

ठेकेदाराला फोन करताना

“पाइप चोक आहे, या” एवढंच सांगितलं तर तो त्याच्याकडे असेल ते मशीन घेऊन येतो. त्याला घाणीचं नाव सांगा, थेंबाची आणि चुंबकाची चाचणी काय आली ते सांगा, आतला व्यास, पाइपाची जात, लांबी, वाकणं, मधले व्हॉल्व्ह आणि उघडता येणाऱ्या फ्लँजची जागा सांगा. डब्यातला तुकडा व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. गोंदियाहून सालेकसा किंवा ब्रह्मपुरीहून कुरखेडा अशी गाडी चुकीचं मशीन घेऊन आली तर भाडं तुमच्याच बिलात लागतं. काम सुरू होण्याआधी बादलीचे सेकंद त्याला दाखवा आणि काम संपल्यावर किती यायला हवेत ते तेव्हाच ठरवून घ्या.